विंडोज १० नंतर काय? तीन डेस्कटॉपांवरच्या प्रकल्प नोंदी

११ ऑक्टोबर २०२५ : मशिनं आणि अडणारी कामं

१४ तारखेला विंडोज १० चा पाठिंबा संपतोय. तीन डेस्कटॉप आहेत, कुणावर काय ठेवायचं ते ठरवायचं आहे. पुढच्या नोंदींत त्यांना अ, ब, क म्हटलं आहे.

अ : इंटेल आय५-६५००, ८ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०.
ब : इंटेल आय५-८५००, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी, तयार घेतलेला ब्रँडेड पीसी, विंडोज ११.
क : मॅक मिनी, एम१ चिप, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी.

"कुठली सिस्टिम भारी" हा वाद सुरुवातीलाच बाजूला ठेवला. ब्राउझर, मेल, व्हिडिओ कॉल, पीडीएफ ही कामं तिन्हीकडे सारखीच होतात, त्यावरून काहीच ठरत नाही. ठरतं ते अडून बसणाऱ्या कामांवरून. म्हणून यादी फक्त तेवढ्यांचीच केली. यूएसबी डोंगल (परवान्याची किल्ली असलेली छोटी काडी) लावल्याशिवाय न उघडणारं, फक्त विंडोजसाठी असलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर. मॅक्रो भरलेल्या एक्सेल फायली. एक जुना लेझर प्रिंटर आणि त्याहून जुना फ्लॅटबेड स्कॅनर. आणि मराठी मजकूर, त्यातला काही युनिकोडमध्ये, बराचसा जुन्या बिगर-युनिकोड फाँटांत, म्हणजे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवणाऱ्या फाँटांत.

यातली प्रत्येक गोष्ट प्रत्येक सिस्टिमवर चालवून बघायची आणि मगच इन्स्टॉलचं बटण दाबायचं, असा क्रम ठरवला. लिनक्सपुरतं हे सोपं आहे, लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट यूएसबीवरून सिस्टिम चालवून, सगळं तपासता येतं. विंडोज आणि मॅकला ती सोय नाही.

१२ ऑक्टोबर : बॅकअप, आणि लांब नावांच्या फायली

अ वरचा डेटा लाइव्ह लिनक्समधून ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल पद्धत) केलेल्या बाहेरच्या डिस्कवर घ्यायला लावला. बहुतेक गेला, पण काही फायली "फाइल नेम टू लाँग" म्हणत अडल्या. अडलेल्या सगळ्या फायलींची नावं देवनागरीत होती.

कारण सरळ आहे. विंडोजच्या एनटीएफएस फाइल पद्धतीत नावाची मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची, ईएक्सटी४ मध्ये २५५ बाइटची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात. म्हणजे ईएक्सटी४ वर देवनागरी नाव जेमतेम ८५ चिन्हांचं. "वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त…" अशा थाटात पत्राचा अख्खा विषय फाइलच्या नावात लिहायची सवय असेल, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. इंग्रजी नावांनी चाचणी करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

उपाय : बॅकअपची पहिली प्रत विंडोजमधूनच, एनटीएफएस डिस्कवर, रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या आज्ञेने घेतली. मग ज्या फायली लिनक्सवर न्यायच्या होत्या त्यांची नावं आखूड केली. रोबोकॉपीला रिट्रायची संख्या सांगून ठेवावी, नाहीतर एखादी कुलूपबंद फाइल लागली की ते दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतं. हा त्याचा खरोखरचा मूळ आकडा आहे.

दुसरी अडचण क्लाउड फोल्डरची. वनड्राइव्हमधल्या ज्या फायली "फक्त ऑनलाइन" होत्या, त्या लिनक्समधून नावाला दिसतात, उघडत मात्र नाहीत. डिस्कवर मजकूर नसतोच, नुसती खूण असते. विंडोजमध्ये जाऊन त्या फोल्डरला "या डिव्हाइसवर कायम ठेवा" लावलं, सगळं उतरू दिलं आणि मग प्रत घेतली.

ब वर डिव्हाइस एन्क्रिप्शन (बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद करणं) आधीच चालू निघालं. पुढे बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ मांडणीत) हात घालायचा असल्याने ४८ अंकी रिकव्हरी की आत्ताच कागदावर उतरवली. ती त्याच मशीनवरच्या फायलीत ठेवणं म्हणजे घराची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेणं.

१५ ऑक्टोबर : अ वर विंडोज ११?

तपासणीत दोन नकार आले, टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) नाही आणि प्रोसेसर यादीत नाही. पहिला नकार फसवा आहे. या पिढीच्या इंटेल बोर्डांवर फर्मवेअरमधला टीपीएम असतो, फक्त बंद ठेवलेला. बायोसमध्ये इंटेल पीटीटी चालू केल्यावर टीपीएम २.० दिसू लागला. दुसरा नकार खरा आहे. विंडोज ११ ची इंटेलची यादी सहसा ८ व्या पिढीपासून सुरू होते आणि आय५-६५०० सहाव्या पिढीचा. त्यामुळे टीपीएमसाठी वेगळं मोड्यूल विकत घेण्याआधी प्रोसेसरची यादी बघावी.

रूफससारख्या साधनाने तपासणी काढून टाकलेली यूएसबी बनवता येते, आणि ११ या प्रोसेसरवर चालतंही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपसीएनटी आणि एसएसई४.२ या सूचना नसतील तर विंडोज बूटच होत नाही, पण त्या याच्यात आहेत. तरीही हा मार्ग सोडला. यादीबाहेरच्या मशीनला अपडेट मिळत राहतीलच अशी हमी नाही, आणि दर वर्षीचा मोठा अपडेट हाताने आयएसओ (इन्स्टॉलरची अख्खी डिस्क असलेली एक फाइल) उतरवून चढवायची तयारी ठेवावी लागते. ज्याला ती हौस आहे त्याने करावं. ज्या मशीनकडे दुसऱ्या कुणाला बसायचं आहे, त्यावर नको.

विंडोज १० वरच राहून वाढीव सुरक्षा अपडेट घ्यायचा पर्यायही आहे. घरगुती वापरासाठी तो १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. पुढच्या वर्षी पुन्हा याच जागी येऊन उभं राहायचं, एवढाच त्याचा अर्थ. ज्यांचं एखादं सॉफ्टवेअर वर्षभरात बदलणारच आहे त्यांना तो बरोबर.

१८ ऑक्टोबर : यूएसबी बनवणं

आयएसओ उतरवल्यावर एसएचए-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा ठसा) पडताळली. एक फाइल अर्धवट उतरलेली निघाली. ती तशीच वापरली असती तर इन्स्टॉलर मध्येच कुठेतरी भलत्याच कारणाने थांबला असता आणि दोष हार्डवेअरवर गेला असता.

विंडोजची आयएसओ फॅट३२ यूएसबीवर नुसती कॉपी केली तर इन्स्टॉल.विम ही फाइल आडवी येते. फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही आणि ही त्याहून मोठी असते. एकतर फाइलचे तुकडे करायचे किंवा व्हेंटॉय हे साधन वापरायचं. व्हेंटॉय घातलं की विंडोज, मिंट, डेबियन, फेडोरा सगळ्यांच्या आयएसओ एकाच यूएसबीवर नुसत्या टाकून ठेवता येतात. सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही बूट होऊ न देणारी सोय) चालू असेल तर पहिल्यांदा त्याची की नोंदवावी लागते, निळा पडदा आला म्हणून घाबरू नये.

१९ ऑक्टोबर : अ वर लिनक्स, पण कुठलं

तीन पाहिली. फेडोरा सगळ्यात ताजं, पण एका आवृत्तीला साधारण १३ महिनेच पाठिंबा, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठी उडी. जुन्या मशीनला ताज्या ड्रायव्हरची गरज नसते, तेव्हा या उड्यांतून मिळणार काहीच नाही. डेबियनची १३ वी आवृत्ती ऑगस्टमध्येच आली आहे, भक्कम आहे, आणि १२ व्या आवृत्तीपासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येत असल्याने वाय-फायचं जुनं रडगाणंही बरंच कमी झालं. पण पहिल्यांदाच लिनक्सवर येणाऱ्याला प्रिंटर, अपडेट, भाषा या गोष्टी लिनक्स मिंटमध्ये कमी शोधाव्या लागतात. मिंट २२.२ चा पाया उबुंटू २४.०४, पाठिंबा २०२९ पर्यंत. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घेतला.

८ जीबीत दोन्ही सिस्टिम बसतात, फरक उरलेल्या जागेचा आहे. एक्सएफसीई नुसतं उघडून बसलं की साधारण १ जीबीच्या आसपास घेतं, विंडोज ११ साधारण त्याच्या तिप्पट. ब्राउझरचे वीसेक टॅब उघडले की हा फरक जाणवतो.

पण रॅमहून मोठी अडचण हार्ड डिस्क होती. फिरत्या डिस्कवर मिंटही रखडतं, "लिनक्स टाकलं की जुनं मशीन नवं होतं" हे अर्धसत्य आहे. २.५ इंची साटा एसएसडी बसवली. केसमध्ये त्या मापाची जागा नव्हती, तेव्हा ३.५ इंची जागेत बसणारी पट्टी लागली. साटा डेटा केबलही हवी होती, कारण जुनी डिस्क साठवणीसाठी तशीच ठेवली. या सगळ्या प्रकल्पात कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमने जितका वेग दिला नाही तितका या बदलाने दिला, आणि तो विंडोजवरही मिळालाच असता.

२३ ऑक्टोबर : ब वर ड्युअल बूटचा प्रयोग

ब वर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. प्रश्न इतकाच की सोबत मिंट ठेवून, म्हणजे सुरू करताना दोनपैकी एक निवडायची सोय करून, फायदा होतो का.

लाइव्ह यूएसबी सुरू झाली, पण इन्स्टॉलरला एसएसडीच दिसेना. कर्नलच्या संदेशांत कारण स्पष्ट लिहिलं होतं : रीमॅप केलेलं एक एनव्हीएमई डिव्हाइस सापडलं आहे, ते वापरायचं तर बायोसमध्ये रेडऐवजी एएचसीआय करा. रेड आणि एएचसीआय हे डिस्कशी बोलण्याचे दोन मोड, आणि कारखान्यातून स्टोरेज इंटेल आरएसटीच्या (रेडच्या) मोडात येतं तेव्हा हे होतं. मात्र बायोसमध्ये थेट एएचसीआय केलं तर लिनक्सला डिस्क दिसते आणि विंडोज "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणत निळं पडतं, कारण त्याने एएचसीआयचा ड्रायव्हर बूटच्या वेळी घ्यायचा असं ठरवलेलंच नसतं.

चालणारा क्रम असा. विंडोजमध्ये बिटलॉकर तात्पुरतं स्थगित करायचं. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये बीसीडीएडिट या बूटची मांडणी बदलणाऱ्या आज्ञेने पुढचं बूट सेफ मोडमध्ये होईल असं लावायचं. रीस्टार्ट करून बायोसमध्ये एएचसीआय निवडायचं. विंडोज सेफ मोडमध्ये उघडलं की योग्य ड्रायव्हर आपोआप लागतो. मग सेफ मोडची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड माहीत असलेला बरा. आणि सेफ मोडची खूण काढायची राहिली तर मशीन दर वेळी तिथेच उघडत राहतं.

नंतर जागा. सी ड्राइव्हवर निम्म्याहून जास्त जागा रिकामी असून डिस्क मॅनेजमेंट त्यातली थोडीशीच सोडायला तयार. मधोमध न हलणाऱ्या फायली बसलेल्या असतात : हायबरनेशनची, पेजफाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती. तिन्ही बंद करून, रीस्टार्ट करून पुन्हा आकुंचन केलं, तेव्हा हवी तेवढी जागा सुटली. मग पेजफाइल आणि रिस्टोअर परत चालू केले. हायबरनेशन बंदच ठेवलं, कारण पुढच्या नोंदीत.

ईएफआय पार्टिशन (बूटच्या फायलींचा डिस्कवरचा छोटा कप्पा) विंडोजने १०० एमबीचं बनवलेलं. मिंटचा ग्रब, म्हणजे कुठली सिस्टिम उघडायची ते विचारणारा बूट मेनू, त्यात सहज मावतो. ज्या डिस्ट्रो (लिनक्सचे निरनिराळे संच) कर्नलच, म्हणजे सिस्टिमचा गाभाच, त्या पार्टिशनमध्ये ठेवतात त्यांना ते पुरत नाही, आणि हे इन्स्टॉलच्या वेळी नाही तर नंतर एखाद्या कर्नल अपडेटला कळतं.

२५ ऑक्टोबर : घड्याळ आणि अर्धवट बंद झालेलं विंडोज

मिंटमधून विंडोजमध्ये गेलं की घड्याळ साडेपाच तास मागे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ). दोघांपैकी एकाला बदलावं लागतं. टाइमडेटसीटीएल या आज्ञेने लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला लावली. विंडोजच्या रजिस्ट्रीत "रिअलटाइमइजयुनिव्हर्सल" हे मूल्य १ करूनही तेच साधतं. दोन्ही केलं तर पुन्हा बोंब.

त्याहून त्रासदायक फास्ट स्टार्टअप. त्यात विंडोज "शट डाउन" म्हटल्यावर पूर्ण बंद होत नाही, गाभा हायबरनेट होतो आणि एनटीएफएस अर्धवट उघडं राहतं. लिनक्स ते एकतर फक्त वाचायला देतं किंवा जोडतच नाही. जोर लावून जोडायच्या भानगडीत पडू नये, फायली बिघडतात. हायबरनेशन बंद केलं की फास्ट स्टार्टअपही बंद होतं.

तिन्ही मशिनांत फिरणाऱ्या बाहेरच्या डिस्कसाठी एक्सफॅट ठेवलं. मॅक एनटीएफएस फक्त वाचतो, विंडोजला ईएक्सटी४ कळत नाही, फॅट३२ ला ४ जीबीची अट. एक्सफॅटला जर्नल (बदलांची आधी करून ठेवलेली नोंद) नसतं, तेव्हा "इजेक्ट" न करता उपटलेली डिस्क इथे जास्त नुकसान करते. देवाणघेवाणीला ठीक, एकमेव प्रत म्हणून नाही.

२९ ऑक्टोबर : मराठी टायपिंग

इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीचा प्रमाण कीबोर्ड) तिन्हीकडे आहे आणि जवळजवळ सारखंच. ज्याचा हात इन्स्क्रिप्टवर बसला आहे त्याला सिस्टिम बदलल्याचं टाइप करताना कळतही नाही. तपासायला "दऱ्या", "सुऱ्या", "तऱ्हा" लिहून बघावं. शिफ्ट-जे ने ऱ, डी ने हलन्त, मग य किंवा ह. तिन्ही ठिकाणी बरोबर उमटलं.

फोनेटिकवाल्यांची, म्हणजे उच्चारानुसार रोमन कळांनी टाइप करणाऱ्यांची, अडचण खरी आहे. विंडोजमध्ये २०१९ च्या मे अपडेटपासून मराठी फोनेटिक आत आलं, मॅकवर देवनागरी क्वर्टी आहे, लिनक्सवर टायपिंग पद्धती पुरवणाऱ्या आयबसच्या एम१७एन संचात आयट्रान्स आणि फोनेटिक. तिन्हींचे नियम निराळे. एकात जमलेली बोटं दुसऱ्यात चुकतात, आणि चुकतात ती नेमकी ण, ळ, ज्ञ, ऱ्य अशा ठिकाणी. एकाच माणसाने तीन सिस्टिम वापरायच्या असतील तर इन्स्क्रिप्ट शिकून घेणं स्वस्त पडतं.

मिंटवर आयबसऐवजी कीबोर्ड लेआउटमध्येच भारतीय गटातलं मराठी निवडलं. आयबस मध्ये नसल्यामुळे प्रत्येक ॲपमध्ये सारखं चालतं, एखाद्या ॲपमध्ये अक्षरं दोनदा उमटणं वगैरे प्रकार नाहीत.

१ नोव्हेंबर : कागदपत्रं, फाँट, मॅक्रो

सर्वात जास्त वेळ इथे गेला आणि त्याचा ऑपरेटिंग सिस्टिमशी थेट संबंध जवळजवळ नाही.

लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचात इंग्रजी मजकूर जागचा हलला नाही, कारण कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो आणि एरियल, टाइम्सच्या मापाचे लिबरेशन फाँट असतात. विंडोजसोबत येणाऱ्या मंगल या देवनागरी फाँटच्या मापाचा असा जोडीदार नाही. मंगलमधलं पत्र मिंटवर उघडलं की लोहित किंवा नोटो लागतो, ओळी सरकतात, सही दुसऱ्या पानावर जाते. मंगल नुसता उचलून आणणं परवान्यात बसत नाही. म्हणून तिन्ही मशिनांवर नोटो सान्स देवनागरी टाकला आणि साचे त्यावर नव्याने लावले. जुनी पत्रं तशीच ठेवली, बाहेर जायचं ते पीडीएफ करून.

लिब्रेऑफिसमध्ये एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. देवनागरीसाठी फाँट आणि आकार वेगळे नोंदलेले असतात. मजकूर निवडून फाँट बदलला, आकार वाढवला, तरी देवनागरी ढिम्म हलत नाही. पर्यायांमध्ये भाषा विभागात जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करायचं, तिथे भाषा मराठी ठेवायची, आणि मग परिच्छेदाच्या शैलीत देवनागरीचा फाँट स्वतंत्रपणे लावायचा. भाषा मराठी ठेवल्याचा आणखी एक फायदा : फाँटमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. भाषा हिंदी राहिली तर तोच फाँट हिंदी वळण दाखवतो, आणि लोक फाँट खराब म्हणून बदलत बसतात.

बिगर-युनिकोड फायली : फाँटची फाइल मिंटवर आणि मॅकवर टाकली की वाचता येतात, फाँट नसेल तर नुसती रोमन अक्षरांची भेळ. लिहिण्यासाठी मात्र त्या फाँटाचं कीबोर्ड सॉफ्टवेअर लागतं आणि ते विंडोजचंच. युनिकोडमध्ये रूपांतर करून घेणं हाच दीर्घकालीन मार्ग, पण रूपांतर झाल्यावर तीन गोष्टी डोळ्यांनी बघाव्या : जोडाक्षरावरची ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर गेली का, रफार सरकला का, आणि "ऱ्या" चं "र्या" झालं का. शोधा-बदला इथे अर्धंच काम करतं.

मॅक्रो : साधी बेरीज-छाननी करणारे लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये चालले. ज्यांत फॉर्म होते किंवा विंडोजच्या लायब्ररींना हाक मारली होती ते पडले. मॅकवरच्या एक्सेलमध्ये ॲक्टिव्हएक्स नियंत्रणं चालतच नाहीत, तेव्हा "खरं एक्सेल आहे म्हणजे चालेल" हा हिशेब मॅकवर चुकतो. मॅक्रोच्या फायली ब वरच.

६ नोव्हेंबर : डोंगल

वाइनमध्ये हिशेबाचं सॉफ्टवेअर इन्स्टॉल झालं, खिडकी उघडली, आणि "की सापडली नाही" म्हणून बंद झालं. वाइन विंडोजचे प्रोग्रॅम चालवतं, डोंगलसाठी गाभ्यात बसणारा ड्रायव्हर त्याला चालवता येत नाही. यावर जास्त वेळ घालवण्यात अर्थ नाही.

ब वर मिंटच्या आत व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा दुसरा, आभासी संगणक) केलं. बायोसमध्ये व्हीटी-एक्स (त्यासाठीची इंटेलची सोय) चालू असावं लागतं. व्हर्च्युअलबॉक्सऐवजी केव्हीएम घेतलं : ते कर्नलमध्येच आहे, तेव्हा सिक्युअर बूटसाठी मोड्यूलवर सही करा, की नोंदवा ही यातायात वाचते. विंडोज ११ साठी यूईएफआय आणि बनावट टीपीएम दोन्ही जोडावे लागतात. ६ जीबी रॅम आणि ४ कोअर दिले. डोंगल यूएसबी पासथ्रूने थेट आतल्या विंडोजला दिला, सॉफ्टवेअर उघडलं. व्हर्च्युअल नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळख क्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) पक्का करून ठेवला, कारण काही सॉफ्टवेअर त्यावरून मशीन ओळखतात आणि तो बदलला की परवाना नव्याने मागतात.

चालतंय. पण हिशेब बघा : विंडोजचा परवाना लागतोच, आणि तोही वेगळा, कारण पीसीसोबत आलेला परवाना त्या बोर्डाला बांधलेला. विंडोजचे अपडेट लागतातच. वर लिनक्सचे अपडेट. डोंगल कधी आत, कधी बाहेर, हे बसणाऱ्याला समजावून सांगायचं. एका सॉफ्टवेअरसाठी दोन सिस्टिम सांभाळायच्या.

क वर तर दारच बंद. एम१ ही आर्म पद्धतीची चिप, इंटेलची नव्हे. तिच्यावर आर्म विंडोज ११ व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं आणि इंटेलसाठी लिहिलेले साधे प्रोग्रॅम अनुवाद करून चालवतं. ड्रायव्हरचा अनुवाद होत नाही, तो आर्म६४ चाच लागतो, आणि या डोंगलसाठी तो नाही.

१० नोव्हेंबर : स्कॅनर उलटा निघाला

स्कॅनरला ६४-बिट विंडोजचा ड्रायव्हर कधी निघालाच नाही. मॅकवरही नाही. मिंटवर लावला आणि सेन या लिनक्सच्या स्कॅनर यंत्रणेने लगेच ओळखला, काहीही न टाकता. "जुनं हार्डवेअर म्हणजे विंडोज" हे दर वेळी खरं नसतं, लिनक्समध्ये जुने ड्रायव्हर कर्नलबरोबर किंवा मुख्य संचात पुढे येत राहतात.

प्रिंटर त्या प्रकारातला, ज्याच्या पोटात स्वतःचं फर्मवेअर राहत नाही. दर वेळी चालू केल्यावर संगणकाने ते पाठवायचं असतं. मिंटवर बनवणाऱ्याचं बंद स्रोताचं प्लगइन टाकून चाललं, पण प्लगइनची आवृत्ती आणि ड्रायव्हरची आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. ड्रायव्हर अपडेट झाला की छपाई गुपचूप थांबते, रांगेत कामं साचत राहतात, चूक कुठे दिसत नाही. त्या पॅकेजचा अपडेट गोठवून ठेवला.

दोन्ही अ ला जोडले. कप्स या लिनक्सच्या छपाई यंत्रणेत प्रिंटर शेअर केल्यावर ब आणि क ला तो नेटवर्कवर दिसला, त्यांच्यावर ड्रायव्हर टाकावा लागला नाही.

ब वर आणखी एक बघून घेतलं. कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटेग्रिटी हे विंडोजच्या गाभ्याचं संरक्षण बंद होतं, कारण कधीतरी टाकलेल्या एका यंत्राचा जुना ड्रायव्हर बसून राहिला होता. विंडोज त्याचं नाव सांगतं. तो काढला, मग ते चालू झालं.

१४ नोव्हेंबर : क वर काय

फारसं काही करण्यासारखं नाही आणि तेच त्याचं गुण-दोष दोन्ही. रॅम सोल्डर केलेली, एसएसडी बदलायला सोपी नाही, मॅकवर विंडोज टाकू देणारं बूट कॅम्प ॲपलच्या चिपवर नाही. ॲपलच्या चिपसाठी बनवलेलं "असाही" नावाचं लिनक्स एम१ वर चालतं, पण इथे त्याने सुटणारी अडचण नव्हती. मॅकओएस २६ ठेवलं. इंटेल मॅकवाल्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्यांच्यासाठी ही शेवटची आवृत्ती आहे, आणि जुने इंटेल प्रोग्रॅम चालवणारं रोझेटा सर्वसाधारण वापरासाठी मॅकओएस २७ पर्यंतच.

स्क्रीन मात्र बघून घ्यावी. मोजावे या आवृत्तीपासून मॅकने सबपिक्सेल स्मूदिंग (कमी रेषांच्या स्क्रीनवर अक्षरांच्या कडा रेखीव दाखवण्याची युक्ती) काढलं. २४ इंची १०८० रेषांच्या मॉनिटरवर तोच मजकूर विंडोजवर ठसठशीत आणि मॅकवर अंधुक दिसतो. देवनागरीत अनुस्वार, रफार, मात्रा वर दाटतात तिथे हे जास्त खुपतं. जुना मॉनिटर तसाच ठेवून मॅक घेणार असाल तर आधी अर्धा तास त्यावर मराठी वाचून बघा. ४के मॉनिटरवर प्रश्न मिटतो.

१८ नोव्हेंबर : अपडेट बिघडला तर परत कसं यायचं

तिन्हींत खरा फरक इथे आहे आणि तो सहसा कुणी तपासत नाही.

मिंट : टाइमशिफ्ट या साधनाचे स्नॅपशॉट (सिस्टिमच्या त्या क्षणाच्या प्रती) दुसऱ्या डिस्कवर लावले, अ मधली जुनी हार्ड डिस्क इथे कामी आली. मुद्दाम ग्राफिक्सचं एक पॅकेज काढून डेस्कटॉप पाडला आणि लाइव्ह यूएसबीवरून परत आणून बघितला. आला. नवीन कर्नल बिघडला तर ग्रबच्या मेनूतून जुना निवडता येतो. स्नॅपशॉटमध्ये होम फोल्डर नसतो, म्हणजे हा कागदपत्रांचा बॅकअप नाही.

विंडोज : मोठ्या अपडेटनंतर १० दिवसांत मागे जाता येतं. जागा कमी पडली म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये "मागचं विंडोज" पुसलं तर ती वाट बंद. अपडेट ५ आठवड्यांपर्यंत थांबवता येतात.

मॅक : मागे जाण्याची सोपी वाट नाही. जुनी आवृत्ती पुसून टाकायची आणि टाइम मशीनमधून डेटा आणायचा. म्हणून मोठा अपडेट पहिल्या आठवड्यात घ्यायचा नाही, एवढंच.

२२ नोव्हेंबर : वाटप, आणि ब वरून मिंट काढणं

ब वरचं ड्युअल बूट काढायचं ठरलं. तांत्रिकदृष्ट्या सगळं सुरळीत आहे, पण हिशेबासाठी विंडोजमध्ये जावंच लागतं, आणि एकदा गेलं की बाकीची कामंही तिथेच उरकली जातात. दुसरी सिस्टिम नुसती अपडेट मागत बसते. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटनंतर बऱ्याच ड्युअल बूट मशिनांवर लिनक्स "एसबॅट" या बूटच्या वेळच्या सुरक्षा-तपासणीची तक्रार करत बूट व्हायचं थांबलं होतं. असं पुन्हा झालं तर निस्तरायला कुणीतरी जाणकार जवळ हवा.

काढण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणायचा, विंडोज थेट उघडतंय याची खात्री करायची, आणि मगच लिनक्सचं पार्टिशन पुसायचं. उलटं केलं तर ग्रबचा काळा प्रॉम्प्ट समोर येतो. आलाच तर बूट मेनूतून विंडोज बूट मॅनेजर निवडून बाहेर पडता येतं. शेवटी ईएफआय पार्टिशनमधला लिनक्सचा फोल्डर आणि बूटची नोंद काढली. सुटलेली जागा सी ला लगेच जोडता आली, कारण ती सी च्या शेजारीच होती. मध्ये रिकव्हरी पार्टिशन असेल तर "एक्स्टेंड" करडं दिसतं आणि आधी ते हलवावं लागतं.

आता : अ वर मिंट, प्रिंटर, स्कॅनर आणि रोजचं लिखाण. ब वर फक्त विंडोज ११, डोंगल, मॅक्रो, बिगर-युनिकोड फायलींचं रूपांतर. क वर मॅकओएस, व्हिडिओ आणि फोटोचं काम.

उरलेलं : अ वरच्या प्रिंटरचं गोठवलेलं पॅकेज. दर अपडेटला अपडेट मॅनेजर त्याची आठवण करणार नाही, म्हणून दोन महिन्यांनी हाताने सोडून, प्लगइन त्याच आवृत्तीचं टाकून, एक चाचणी पान काढायचं.